लेंडीत वाढून जंत पकडणारी बुरशी : कुडाळजवळच्या कार्यशाळेचा अनुभव

शेळीपालनाची बरीचशी शिबिरं शेवटी काहीतरी विकायला घेतलेली असतात. जेवणं आटोपली की टेबलावर खनिज मिश्रणाच्या पिशव्या मांडल्या जातात. कुडाळजवळ एक पशुवैद्य नवरा-बायको मृग लागायच्या आधी शेळ्यांच्या जंतांवर एक दिवसाची कार्यशाळा घेतात, तिथे मात्र विकायला काहीच नव्हतं. आम्ही बरेच जण जंत खाणाऱ्या बुरशीबद्दल ऐकून गेलो होतो. त्या बुरशीची पावडर इथल्या दुकानांत मिळत नाही, हे त्या जोडप्यातल्या मॅडमनी पहिल्या दहा मिनिटांतच सांगून टाकलं. माणशी 500 रुपये फी, त्यात चहा, जेवण आणि घरून नेलेल्या एका लेंडीच्या नमुन्याची तपासणी. मला ते पैसे वसूल झाले असं मनापासून वाटतं, म्हणून सविस्तर लिहिते.

मी मालवण तालुक्यात कोकण कन्याळ शेळ्या पाळते. ही आमच्या सिंधुदुर्गाचीच जात, इथल्या पावसाला टिकणारी. पण पाऊस सोसते म्हणून जंतही सोसते असं नाही. आषाढ-श्रावणात करडं सुकायला लागतात, एखाद्या गाभण शेळीच्या जबड्याखाली पाण्याची सूज लोंबते, पापणी खाली ओढून पाहिली तर आतली लाली गेलेली असते. मग वाडीतले सगळे एकच उपाय करतात. दुकानातून जंताची बाटली आणायची आणि कळपाला सरसकट पाजायची. पुढच्या महिन्यात परत तेच.

मॅडमनी सुरुवात गवतापासून केली. शेळीचं रक्त पिणारा मुख्य जंत म्हणजे हिमोंकस. तो तिच्या चौथ्या पोटात राहतो आणि त्याची एक मादी दिवसाला 5,000 ते 10,000 अंडी घालते. अंडी लेंडीतून बाहेर पडतात. पावसाळ्यातली ऊब आणि ओल मिळाली की आठवड्याच्या आत त्यांतून निघालेल्या अळ्या शेळीला बाधू शकतील एवढ्या तयार होतात, गवताच्या पात्यावरच्या पाण्याच्या पापुद्र्यातून वर चढतात आणि चरणाऱ्या शेळीच्या तोंडात जातात. पुढे सुमारे तीन आठवड्यांत त्या मोठ्या होऊन पुन्हा अंडी घालू लागतात. बाटलीतलं औषध पोटातल्या जंतांना मारतं, सड्यावरच्या, म्हणजे चराईच्या कातळी माळावरच्या, गवतातल्या अळ्यांना नाही. त्याच सड्यावर शेळी परत सोडली की चक्र पुन्हा सुरू. शिवाय सगळ्या कळपाला एकदम औषध पाजलं की औषधाला न जुमानणारे जंतच तेवढे मागे उरतात आणि पुढची पिढी त्यांचीच होते. एकच औषध वर्षानुवर्षं देऊन ते लागू पडेनासं का होतं, हे मला इतकं सरळ याआधी कुणी सांगितलं नव्हतं.

बुरशीचं काम नेमकं या बाहेरच्या टप्प्यावर आहे. ती शेळीच्या पोटात काहीच करत नाही. लेंडी जमिनीवर पडल्यानंतर ती कामाला लागते.

आणि इथे ते सूक्ष्मदर्शक आलं. डॉक्टरांनी, म्हणजे मॅडमच्या यजमानांनी, त्यांच्या आंब्याखालची माती, जिथे त्यांच्या शेळ्या बसतात तिथली, चिमूटभर घेऊन पेट्री डिशमधल्या अगरच्या (जेलीसारख्या पदार्थाच्या) पातळ थरावर पसरली होती आणि आमिष म्हणून वर सूत्रकृमी, म्हणजे दोऱ्यासारखे बारीक कृमी, सोडले होते. अशी बशी काही दिवस झाकून ठेवली की मातीतल्या शिकारी बुरश्या आपोआप वर येतात. कुठून विकत आणलेलं काही नाही, पायाखालची माती! माझी पाळी आली तेव्हा आधी नुसते पांढुरके धागे दिसले. मग डॉक्टर म्हणाले, "वहिनी, डावीकडे बघा, गाठी दिसतात का?" दिसल्या. धागे एकमेकांत वळून त्यांची फासांसारखी जाळी झाली होती आणि एका फासात एक कृमी अडकला होता. डोकं मोकळं, मधलं अंग चिकटलेलं. तो पिळवटत होता, सुटायला बघत होता, पण फासाला चिकट लेप असतो, तो सोडत नाही. शेजारी दुसरा होता तो केव्हाच निपचित पडलेला, त्याच्या अंगात आरपार बुरशीचे धागे भरलेले. बुरशी कातडी भेदून आत शिरते आणि आतून त्याला पचवून टाकते. मी तिथून उठतच नव्हते, मागच्यांनी हाका मारल्या तेव्हा हलले.

ती बुरशी आर्थ्रोबोट्रिस जातीची होती. ती कृमी पकडते हे झोफ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने 1888 सालीच पाहून ठेवलं होतं. म्हणजे गोष्ट जुनी आहे. अडचण अशी की आर्थ्रोबोट्रिसचे नेहमीचे बीजाणू शेळीच्या पोटातून जिवंत बाहेर पडणं कठीण. तिथे डडिंग्टोनिया फ्लॅग्रान्स ही दुसरी बुरशी उपयोगी पडते. तिचे बीजाणू जाड कवचाचे असतात. चाऱ्यातून खाऊ घातले की चारही पोटांमधून जाऊन लेंडीतून शाबूत बाहेर येतात, तिथे रुजतात आणि त्याच लेंडीत फुटणाऱ्या अळ्यांना गवतावर चढण्याआधी पकडतात. डेन्मार्कमध्ये 1990च्या दशकात यावर पुष्कळ काम झालं. ऑस्ट्रेलियात बायोवर्मा नावाने तिचं उत्पादन निघालं, ते न्यूझीलंड आणि अमेरिकेतही विकलं जातं. मात्रा जनावराच्या दर किलो वजनामागे रोज 30,000 बीजाणू. भारतातल्या पशुवैद्यकीय संशोधकांनीही इथल्या शेणामातीतून ही बुरशी वेगळी काढून जनावरांवर चाचण्या केलेल्या आहेत.

मॅडमनी तिचं नुसतं कौतुक केलं नाही, ते मला फार पटलं. ही बुरशी रोज खाऊ घालावी लागते. देणं थांबवलं की एक-दोन दिवसांत पडणाऱ्या लेंडीतून तिचा असर जातो. आधीच आजारी असलेल्या शेळीला तिचा उपयोग नाही, तिला औषधच हवं. भातखाचरात चरून लागणारा यकृतातला चपटा कृमी गोगलगाईतून येतो, त्यालाही ही आवरत नाही. पट्टकृमींनाही नाही. मी मनात आमच्या सड्याचा हिशेब करत होते. आमची जनावरं संध्याकाळी घरी येतात, तेव्हा कोंडा-पेंड देतोच, त्यात पावडर मिसळणं सोपं. पण दांडगी शेळी दुसरीचा वाटा खाते, म्हणून दावणीला वेगवेगळं बांधून द्यावं लागेल. आणि सडा सगळ्या वाडीचा. माझ्याच शेळ्यांना बुरशी दिली आणि शेजारच्यांच्या लेंड्या तिथेच पडत राहिल्या तर अळ्या उरणारच. हा उपाय आला तर वाडीने मिळून करायचा आहे, एकट्याने नाही.

प्रश्नोत्तरांत देवगडकडचे एक वयस्क गृहस्थ उठले, "मॅडमानू, माझ्या माडा-पोफळीच्या बागेत सूत्रकृमीसाठी पॅसिलोमायसिसची पावडर मारतंय, तीच शेळियांका घातली तर?" माझ्याही डोक्यात हाच प्रश्न होता. मॅडमचं उत्तर स्पष्ट होतं. अजिबात घालू नका. ती बुरशी पिकाच्या मुळांना त्रास देणाऱ्या सूत्रकृमींसाठी, मातीत टाकायची म्हणून बनवलेली. जनावराला खाऊ घालायला ती तपासलेली नाही. ट्रायकोडर्मा या बागेतल्या दुसऱ्या बुरशीचंही तेच. बागेची पाकिटं बागेतच ठेवा.

"मगे आता करूक काय?" त्यांनी विचारलं.

दुपारचं सत्र याच उत्तरासाठी होतं. आधी पापणी. दक्षिण आफ्रिकेत तयार झालेला ‘फामाचा’ (FAMACHA) नावाचा तक्ता असतो, त्यात लाल ते पांढरट असे पाच रंग. शेळीची पापणी उलटून रंग जुळवायचा आणि फिक्या निघालेल्यांनाच औषध द्यायचं. बाकीच्यांना दिलं नाही की औषधाला बळी पडणारे जंतही कळपात राहतात आणि औषध जास्त वर्षं चालतं. आम्ही प्रत्येकाने वाड्यातल्या शेळ्यांच्या पापण्या उलटून पाहिल्या, हात बसेपर्यंत. मग लेंडी तपासणी. मॅकमास्टर स्लाइडवर मिठाच्या संपृक्त पाण्यात अंडी वर तरंगतात, ती मोजायची. औषध दिल्यावर दोन आठवड्यांनी परत मोजलं की ते लागू पडलं की नाही कळतं. औषधाच्या मात्रेबद्दलही त्यांनी बजावलं. शेळीचं शरीर काही औषधं मेंढीपेक्षा लवकर बाहेर टाकतं, त्यामुळे मेंढीची मात्रा तिला अपुरी पडू शकते. डॉक्टरांना विचारून, वजन करूनच द्या.

चरण्याचंही सांगितलं. अळ्या बहुतेक जमिनीलगतच्या चार-पाच सेंटिमीटर गवतातच असतात, म्हणून खुरटलेल्या गवतावर जनावरं सोडू नका. फणसाचा, ऐनाचा, किंजळीचा पाला उंच टांगून घाला. शेळीला तो आवडतोही आणि त्याला अळी लागत नाही. हे आमची सासू नेहमी करायची.

आता उणिवा. सूक्ष्मदर्शक एकच आणि माणसं पुष्कळ, त्यामुळे मागे बसलेल्या बायांना जेमतेम डोकावता आलं. मोबाइलवरून भिंतीवर चित्र टाकलं असतं तर सगळ्यांना तो कृमी नीट दिसला असता. सांगितलेलं लिहून घरी नेण्यासाठी मराठीत एक पानही दिलं नाही, औषधांची नावं आणि तपासणीचे दिवस ज्याने त्याने वहीत उतरवले. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं काय? यकृताच्या कृमीवर अर्धा तास तरी हवा होता. आमच्या पट्ट्यात भातखाचरं एवढी असताना तो विषय दोन वाक्यांत संपला. तपासणीचा निकाल मात्र संध्याकाळी हातात मिळाला आणि प्रत्येकाला वेगळं बसवून समजावला. माझ्या शेळीचं औषध बदलायला सांगितलं, तेही गावातल्या सरकारी दवाखान्यात दाखवून.

जेवण साधं आणि चांगलं होतं. भात, कुळथाची पिठी, सोलकढी.

जाणार असाल तर करडांना सांभाळणारं घरातलं माणूस सोबत न्या, मालकापेक्षा त्याला जास्त कळतं. लेंडी जमिनीवरची उचलू नका. सकाळी शेळीच्या गुदद्वारातून थेट स्वच्छ पिशवीत घ्या, हवा काढून बांधा, वर शेळीचं नाव लिहा आणि थंड ठेवा. उन्हात राहिली तर अंडी फुटतात आणि मोजणी चुकते. खेप मृगाच्या आधीचीच गाठा. एकदा सड्यावर हिरवं फुटलं की अळ्याही तयार व्हायला लागतात.