कॅम्पातलं भरतकामाचं वर्कशॉप, कापड मात्र घरचंच न्या

पुण्यात कॅम्पात ईस्ट स्ट्रीटच्या मागे एका टेक्स्टाईल आर्टिस्टच्या घरी रविवारी वर्कशॉप केलं, तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणतेय. चार तास, १८०० रुपये, आम्ही सहाजणी. सुया, दोरे, हूप सगळं तिथे मिळतं, अट एकच, कापड घरातलं आणायचं आणि ते कुणीतरी वापरलेलं पाहिजे, नवीन चालत नाही.

बाई पारशी, लग्न मराठी घरात झालंय, आपल्यासारखंच मराठी बोलतात. आधी त्यांनी स्वतःचं काम दाखवलं. भिंतीवर पांढऱ्या मलमलीचे सुद्रेह टांगलेत, म्हणजे पारशी लोक आतून घालतात तो सदरा, त्याला गळ्याशी एक इवलासा खिसा असतो, आपण केलेली चांगली कामं त्यात साठवायची अशी कल्पना. त्यातला एक अगदी लहान मुलीच्या मापाचा आणि त्याचा खिसा पांढऱ्यावर पांढऱ्या दोऱ्याने शिवून बंद केलेला, जवळ जाईपर्यंत दिसतही नाही. तो त्यांच्या मुलीसाठी होता. १९०८ साली पेटिट खटल्यात मुंबई हायकोर्टाने वडील पारशी असतील तर मूल पारशी असं धरलं, आई पारशी असेल तर मात्र तसं नाही, आणि आता काही धर्मगुरू अशा मुलांचाही नवजोत, म्हणजे धर्मात घेऊन पहिल्यांदा हा सदरा घालायचा विधी, करतात पण त्यांच्या घरात तेव्हा कुणी तयार झालं नाही. हे सांगताना आवाज चढला नाही की रडल्या नाहीत. मला मात्र त्या खिशाकडे बघून गलबलून आलं.

मग कस्ती ही कमरेची पवित्र दोरी दाखवली, लोकरीच्या ७२ धाग्यांची, यस्न या त्यांच्या ग्रंथाचे अध्यायही ७२. कमरेला तीन वेढे घालून बांधतात, मुलगा असो की मुलगी दोघांनाही. हे मला माहीतच नव्हतं. माझ्या भावाच्या मुंजीत मी भिक्षावळीचे लाडू वाटत फिरत होते ते आठवलं.

मी आजीचं सोवळ्यातलं डाळिंबी रेशमी पातळ नेलं होतं. आजी ते नेसून देवघरात असली की आम्ही नुसतं दाराशी आलो तरी आतून आवाज यायचा, शिवू नकोस गं, आणि मोठी झाल्यावर ते चार दिवस तर बघायलाच नको. पूजा आटपून साधं लुगडं नेसली की तीच आजी मांडीवर घ्यायची. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, तुम्ही कुठे हात लावला असता? मी पदर धरला. तिथेच त्यांनी माझ्याकडून लहान मुलीच्या हाताचा पंजा काढून घेतला आणि म्हणाल्या आता हाच भरा. आयुष्यभर ज्याला शिवू नको ऐकलं तेच मी शिवत बसले होते, हे दोन्ही शब्द एकच आहेत हे माझ्या तोपर्यंत डोक्यातच आलं नव्हतं.

शिकवणं फार चांगलं आहे. जुनं रेशीम घडीवर फाटतं म्हणून खाली मलमलचं अस्तर लावून कच्चे टाके घालायला लावले, हूप घट्ट आवळू दिलं नाही. धावदोरा आणि साखळी टाका बहुतेकींना येतच होता, पण पारशी बायकांच्या भरतकामाच्या गारा साडीत असते ती मोहरीपेक्षा बारीक गाठ, खाखा म्हणतात तिला, ती जमायला माझा पाऊण तास गेला आणि तेवढा वेळ त्या शेजारी बसून होत्या. मध्ये चहा घेताना मुंबईत जन्मलेल्या आणि न्यूझीलंडमध्ये काम करणाऱ्या अरीझ कटकीच्या कामाचे फोटो दाखवले, तोही पारशी, तोही घरातल्या जुन्या कापडांवर भरतो.

तक्रार उजेडाची आहे. चारनंतर खोलीत अंधारून येतं आणि एका ट्यूबलाईटवर बारीक काम दिसत नाही, दोन टेबल लॅम्प तरी हवेतच, मी तोंडावर सांगितलंय. जिना लाकडी आणि उभा आहे, गुडघे दुखत असतील तर आधी फोन करून बोला. गाडी नेऊ नका, पार्किंग मिळत नाही. आणि मुलींनो, फक्त डिझाईन शिकायला जायचं असेल तर कोथरूडमध्ये ढीगभर क्लास आहेत, इथे कापडाबद्दल विचारतात आणि उत्तर द्यावं लागतं.

माझ्या पंजाची तीन बोटं झालीत. उरलेल्यांसाठी पुढच्या रविवारी येऊन बसा म्हणाल्या, त्याचे पैसे घेणार नाहीत.