केनली जॅन्सन: अख्खा २०२५चा सीझन माझ्या फँटसी संघात

आमची बारा जणांची फँटसी बेसबॉल लीग आहे: खरे खेळाडू आपापल्या संघात निवडायचे आणि त्यांच्या खऱ्या कामगिरीवर गुण मिळवायचे. गेल्या वर्षी मार्चमध्ये ड्राफ्टच्या (आळीपाळीने खेळाडू निवडण्याच्या) चौदाव्या फेरीत मी पिचर केनली जॅन्सनला घेतलं, तेव्हा शेजारी बसलेला भाचा म्हणाला, "मामा, सदतीस वर्षांचा आहे तो. आणि आता एंजल्समध्ये गेलाय!" दोन्ही गोष्टी खऱ्याच होत्या. आदल्या वर्षी एंजल्स ९९ सामने हरले होते. तरी मी त्याला शेवटपर्यंत सोडलं नाही. सहा महिन्यांचा हा अनुभव सविस्तर लिहितोय, कारण मार्च जवळ आला की क्लोझरबद्दल, म्हणजे शेवटची इनिंग टाकून सामना संपवणाऱ्या पिचरबद्दल, सगळेच विचारतात.

ज्यांनी आत्ताच खेळायला सुरुवात केलीय त्यांच्यासाठी थोडक्यात: आमच्याकडे दहा रकान्यांचे गुण असतात, त्यातला एक सेव्हचा. थोडक्या धावांची आघाडी शेवटपर्यंत राखून सामना संपवला की पिचरला सेव्ह मिळते. म्हणजे कितीही भारी पिचर असला आणि नऊ इनिंग्जच्या सामन्यात मॅनेजर त्याला आठव्या इनिंगमध्येच आणत असला, तर या रकान्यात हाती काही लागत नाही.

जॅन्सन मूळचा कुरासाव या कॅरिबियन बेटावरचा. २००९ पर्यंत तो कॅचर होता, २०१० मध्ये डॉजर्सकडून पिचर म्हणून उतरला आणि बारा सीझनमध्ये ३५० सेव्ह करून बाहेर पडला. मला भावलं ते त्याचं पुढचं. २०२२ला ब्रेव्ह्जकडे गेला, तिथे ४१ सेव्ह, नॅशनल लीगमध्ये सर्वांत जास्त. मग रेड सॉक्सकडे दोन वर्षं, २९ आणि २७. गाव बदललं, जर्सी बदलली, पण नववी इनिंग त्याचीच राहिली. एंजल्सनेही त्याला त्याच कामासाठी घेतलं होतं. मी त्याचं वय बघितलं नाही, हे बघितलं.

पहिला महिना छान गेला. मग २ मेची रात्र आली. सामना अनाहाइमला, म्हणजे आमच्याकडे न्यू जर्सीत मध्यरात्र उलटलेली. डेट्रॉइटच्या टायगर्सविरुद्ध नवव्या इनिंगला १-१ अशी बरोबरी. सेव्हची संधीसुद्धा नव्हती. जॅन्सन आला, रायली ग्रीनने होमरन मारला, पाठोपाठ कोल्ट कीथने मारला. मी फोन उशीखाली सरकवला आणि परत काढला. त्या इनिंगमध्ये डेट्रॉइटने आठ धावा कुटल्या, त्यातल्या बऱ्याचशा जॅन्सनच्या नावावर. ग्रीनने पुढे त्याच इनिंगमध्ये दुसराही होमरन मारला. नवव्या इनिंगमध्ये दोन होमरन मारणारा तो इतिहासातला पहिला फलंदाज. सकाळी उठून बघतो तर माझ्या संघाचा ईआरए (दर नऊ इनिंग्जमागे पिचरने दिलेल्या धावा; जितका कमी तितका चांगला) इतका वाढलेला, की त्या रकान्यात मी पार तळाशी. भाच्याचा मेसेज आलेलाच होता: टाक त्याला वेव्हरवर, म्हणजे सोडून दे.

टाकला असता तर मोठं नुकसान झालं असतं. रिलीव्हर (सामन्यात नंतर येणारा पिचर) इनिंग्जच इतक्या कमी टाकतो की एक वाईट रात्र दोन महिने आकड्यांत दिसत राहते. त्याचं काम त्याच्याकडे आहे की नाही, एवढंच बघायचं, आणि ते त्याच्याकडेच होतं. सीझन संपला तेव्हा ३० संधींत २९ सेव्ह, ईआरए २.५९. एंजल्स फक्त ७२ सामने जिंकले. म्हणजे त्यांच्या दर पाच विजयांतले दोन जॅन्सनच्या हातून संपले. हरणाऱ्या संघाचा क्लोझर नको म्हणतात, ते मला पटत नाही ते यामुळे. असे संघ जिंकतात तेव्हा बऱ्याचदा मोजक्याच धावांनी जिंकतात. हो, स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर फलंदाज बाद करणं, हाही एक रकाना) आता पूर्वीसारखे मिळत नाहीत: ५९ इनिंग्जमध्ये ५७. त्या रकान्यासाठी दुसरीकडे सोय करावी लागली.

याच सीझनमध्ये माझ्या आधी ज्यांनी नावाजलेले क्लोझर उचलले त्यांची अवस्था बघा. डेव्हिन विल्यम्स ब्रूअर्सकडून यँकीजकडे आला आणि एप्रिल संपायच्या आत नववी इनिंग गमावून बसला. रायन हेल्सलीला जुलैअखेर मेट्सने घेतलं, पण तिथे एडविन डियाझ आधीच होता. हेल्सलीचे सेव्ह त्या दिवशी थांबले. संघांची खेळाडू अदलाबदलीची मुदत जुलैअखेर संपते, त्यामुळे त्या शेवटच्या आठवड्यात माझाही जीव टांगणीला लागला होता. जॅन्सन एखाद्या मोठ्या संघाकडे गेला असता तर त्याच्यासाठी आनंदाची गोष्ट, पण माझा रकाना गेला असता. एंजल्सने त्याला विकलं नाही. त्या संध्याकाळी मी खरोखर पेढे आणले.

आता तो टायगर्सकडे गेलाय, त्याच डेट्रॉइटकडे. २०२५ संपलं तेव्हा खात्यावर ४७६ सेव्ह होते. सर्वकालीन यादीत ली स्मिथचे ४७८ आहेत आणि त्याच्या पुढे फक्त हॉफमन आणि रिव्हेरा. तिसरं स्थान तो घेईल तेव्हा मला जागं असायचंय. पण या खेपेला परिस्थिती वेगळी आहे. विल व्हेस्टने गेल्या वर्षी तिथे २३ सेव्ह केले, काइल फिनेगनही आहे, आणि मॅनेजर ए. जे. हिंच समोर कोण फलंदाज येणार ते बघून पिचर निवडतो. त्यामुळे यंदा चौदाव्या फेरीत नाही, सतराव्या-अठराव्यात घेईन, आणि लगेच पुढच्या फेरीत व्हेस्ट उरला असेल तर तोही.