अल्पुहारात विसावा: स्नेह्यांचे घर की 'कासा रुराल'?

दक्षिण स्पेनमधील ग्रानादा प्रांतात, सिएरा नेवादा पर्वताच्या दक्षिण उतारावर अल्पुहारा हा डोंगराळ मुलूख पसरलेला आहे. तेथील पोकेइरा दरीत पाम्पानेइरा, बुबियोन आणि कापिलेइरा ही तीन पांढरीशुभ्र गावे एकाच्या वर एक अशी वसलेली असून, सर्वांत वरचे कापिलेइरा सुमारे १,४३६ मीटरवर, म्हणजे महाबळेश्वरहूनही थोडे उंच आहे. अशा गावात राहणाऱ्या स्नेह्यांनी सुट्टीसाठी बोलावले, तर त्यांच्याच घरी उतरावे की जवळपास 'कासा रुराल', म्हणजे प्रवाशांना भाड्याने मिळणारे गावाकडचे घर, घ्यावे? आम्ही दोन वेगवेगळ्या वर्षी दोन्ही करून पाहिले आहे.

स्नेह्यांच्या घरी जो विसावा मिळाला, तो आम्हाला इतरत्र मिळालेला नाही. या उतारांवर मूर, म्हणजे मध्ययुगात स्पेनवर राज्य करणाऱ्या मुस्लिमांच्या, राजवटीपासून चालत आलेले पाण्याचे पाट आहेत. त्यांना तेथे 'असेकिया' म्हणतात. आम्ही पोहोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी स्नेह्यांच्या मळ्याची पाण्याची पाळी होती आणि गृहस्थ पहाटे फावडे घेऊन दारे धरायला निघाले, तेव्हा मीही त्यांच्यामागून गेलो. पाटाच्या तोंडाशी बसवलेली फळी त्यांनी उचलली, ओल्या मातीचे दोन फावडे बांधावर टाकले आणि पाणी टोमॅटोच्या सरीत शिरले. आम्हा दोघांना एकमेकांची भाषा जेमतेम येत होती, तरी त्या तासाभरात बोलण्यावाचून काही अडले नाही. पैसे मोजून घेतलेल्या घरात अशी सकाळ सहसा वाट्याला येत नाही.

मात्र त्या घराचे घड्याळ पाहुण्याने आपले मानावे लागते. दुपारचे जेवण अडीच-तीनला, त्यानंतर घरभर शांतता आणि रात्रीचे जेवण साडेनऊ-दहाला, हा क्रम लहान मुलांना किंवा वेळेवर औषधे घेणाऱ्या वडीलधाऱ्यांना जड जातो. शाकाहारी पाहुण्याने तर आधीच स्पष्ट सांगून ठेवावे, कारण 'मांस नको' असे सांगूनही तेथे पदार्थावर हॅमचे तुकडे पेरलेले असू शकतात. आम्ही सांगून ठेवले होते. त्यामुळे ऑलिव्हच्या तेलात कांदा आणि हिरव्या ढोबळ्या मिरचीबरोबर मंद शिजवलेले 'पापास आ लो पोब्रे', म्हणजे गरिबाघरचे बटाटे, आम्ही निर्धास्तपणे खाल्ले.

कासा रुरालमध्ये स्वतःचे स्वयंपाकघर असते, सकाळी आठला वरणभाताचा कुकर लावता येतो आणि कोणाची झोपमोड होत नाही. संपूर्ण घराचे भाडे दोघांना महाग पडते, पण सहा जणांत वाटले की परवडते. घर ठरवताना छायाचित्रांपेक्षा एक प्रश्न महत्त्वाचा मानावा: गाडी उभी करण्याच्या जागेपासून दारापर्यंत किती पायऱ्या आहेत? या गावांतील बोळ इतके अरुंद आणि चढाचे आहेत, की पुष्कळ घरांपर्यंत सामान उचलूनच न्यावे लागते. माझ्या आईच्या गुडघ्यांना त्या चढाने फार त्रास झाला आणि तो प्रश्न आम्ही आधी विचारायला हवा होता, ही रुखरुख मला अजूनही आहे.

कागदपत्रांचा फरकही लहान नाही. भारतीय पारपत्रावर स्पेनसाठी लागणारा शेंगेन व्हिसा घेताना भाड्याच्या घराचे आरक्षणपत्र निवासाचा पुरावा म्हणून जोडता येते. स्नेह्यांकडे राहायचे असल्यास मात्र त्यांना स्वतः स्पेनच्या राष्ट्रीय पोलिसांच्या कार्यालयात अर्ज करून 'कार्ता दे इनव्हितासियोन' हे निमंत्रणपत्र मिळवावे लागते. त्यासाठी शुल्क भरावे लागते, वेळ मोडावा लागतो आणि डोंगरातील गावातून शहरात हेलपाटे घालावे लागतात, म्हणून हे काम त्यांच्यावर ऐनवेळी टाकू नये. किमान ३०,००० युरो संरक्षणाचा प्रवास विमा दोन्ही पर्यायांत लागतोच.

माझे मत असे आहे, की दोघेच जाणार असाल आणि मुक्काम पाच दिवसांच्या आतला असेल, तर निःसंकोच स्नेह्यांकडे उतरावे. आई-वडील किंवा मुले बरोबर असतील, अथवा मुक्काम त्याहून मोठा असेल, तर त्याच गावात कासा रुराल घ्यावे आणि दिवसातले एक जेवण स्नेह्यांबरोबर ठेवावे. त्यांनाही त्यात मोकळीक मिळते. मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने निवडावेत. भेट म्हणून पेढे किंवा साजूक तूप मात्र नेऊ नये, कारण भारतातून दुग्धजन्य पदार्थ बरोबर आणण्यास युरोपीय संघात मनाई आहे. आम्ही शेंगदाण्याची चिकी नेली होती आणि तिचा शेवटचा तुकडा गृहस्थांनी मळ्यावर जाताना खिशात घातला.