गुरुजींनी गुरुजींसाठी केलेले निकालाचे ‘सॉफ्टवेअर’

धुळे जिल्ह्यातील एका प्राथमिक शिक्षकाने एक्सेलमध्ये तयार केलेली आणि व्हॉट्सॲपवरून शिरपूर-साक्रीपासून यावल-रावेरपर्यंत पोहोचलेली वार्षिक निकालाची फाइल आमच्या शाळेने यंदा वापरली. कर्त्याने प्रोग्रामिंग शिकलेले नाही. निकाल लावण्याचे काम मात्र त्याच्या हाडीमाशी मुरलेले आहे. इयत्ता निवडताच पहिली-दुसरीला आकारिक (वर्षभराच्या कामाचे) ७० व संकलित (सत्राअखेरच्या परीक्षेचे) ३०, सातवी-आठवीला ४० व ६० असा भारांश आपोआप बसतो आणि ‘अ-१’ पासूनच्या श्रेणी बिनचूक येतात. वर्णनात्मक नोंदी तर वर्गात बसून लिहिल्यासारख्या आहेत. सातपुड्याच्या पायथ्याशी, जिथे नेटवर्कची खात्री नसते, तिथे इंटरनेटवाचून चालणारी फाइल ही मोठीच सोय आहे.

अडचण सुरू होते ती फाइल दुसऱ्याच्या हाती गेल्यावर. विद्यार्थ्याचा सरल आयडी, म्हणजे राज्याच्या ‘सरल’ या ऑनलाइन नोंदणीतला त्याचा क्रमांक, १९ अंकी असतो आणि एक्सेल कोणत्याही संख्येचे पहिले १५ अंकच जपते, पुढच्या अंकांची शून्ये करते. आयडीचा रकाना ‘टेक्स्ट’ केलेला नसल्यामुळे शेवटचे चार अंक, म्हणजे नेमके एका मुलाला दुसऱ्यापासून वेगळे करणारे, पुसले गेले. आणि प्रगतिपुस्तक आयडीवरूनच नाव शोधत असल्याने एकाच वर्षी दाखल झालेल्या सगळ्या मुलांच्या प्रगतिपुस्तकांवर यादीतल्या पहिल्या मुलीचे नाव छापून आले. कर्त्याला फोन केल्यावर उत्तर मिळाले, “सर, टाइप नका करू, जुन्या यादीतून पेस्ट करा.” ते स्वतः तसेच करतात, त्यामुळे ही चूक त्यांना कधी दिसलीच नाही. मदतीच्या पानावर याचा उल्लेख नाही; कर्त्याचा मोबाइल क्रमांक तेवढा ठळक आहे.

छपाईचे बटणही बहुतेक संगणकांवर मुकेच राहते, कारण इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतील मॅक्रो, म्हणजे बटणामागचे छोटे प्रोग्राम, २०२२ सालापासून एक्सेल आपणहून रोखते. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘अनब्लॉक’ करावे लागते. पाने पासवर्डने बंद आहेत. सूत्रे कोणी बिघडवू नयेत ही काळजी रास्त असली, तरी रकान्याचा प्रकारही त्यामुळे बदलता येत नाही.

एवढे असूनही फाइल वापरावी, कारण हाताने निकालपत्रक करण्यापेक्षा वेळ निश्चित वाचतो. सुधारित आवृत्ती येईपर्यंत प्रत्येक आयडीच्या आधी एकेरी अवतरणचिन्ह टाकावे. एक्सेल मग त्याला संख्या न समजता मजकूर समजते आणि नावे ज्याची त्याला मिळतात.