धर्मसेवेसाठी विलायतेला निघालेले ज्येष्ठ जोडपे आणि दांडिया बाजारातील एक कार्यालय

बडोद्यात परदेशी पाठवणी करणाऱ्या कार्यालयांना तोटा नाही. अलकापुरी, सयाजीगंज, फतेगंज या भागांत इमारती-इमारतींवर त्यांचे फलक दिसतात. मात्र त्यांची सारी यंत्रणा विद्यार्थ्यांसाठी, नोकरदारांसाठी आणि मुलाच्या घरी बाळंतपणाला निघालेल्या आईवडिलांसाठी बसवलेली असते. सत्तरी ओलांडलेले जोडपे मुलाकडे नव्हे, तर देवळात सेवा करण्यासाठी दोन वर्षे परदेशी राहणार आहे, असे सांगितले की समोरच्याला त्याचे काय करावे ते कळत नाही. माझे थोरले बंधू आणि वहिनी यांच्या कामासाठी आम्ही शेवटी दांडिया बाजारातील ज्या कार्यालयाकडे गेलो, त्याच्या सेवेविषयी हे सविस्तर लिहीत आहे. कार्यालय एकट्या मालकाचे व मदतनीस मोजके असल्याने आणि पुढे काही तक्रारीही मांडायच्या असल्याने नाव देत नाही. त्यांची सेवा दोन भागांत विकली जाते. पहिला भाग कागदपत्रांचा असून तो उत्तम आहे. दुसरा भाग ‘तिकडे स्थिरस्थावर करून देण्याचा’ असून त्यासाठी पैसे मोजू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

दादा रेल्वेच्या प्रतापनगर कार्यालयातून निवृत्त झाले. नोकरीच्या काळातही त्यांचे नारदीय कीर्तन चालूच होते आणि मांडवीकडच्या विठ्ठलमंदिराशी आमच्या घराचा संबंध जुना आहे. वहिनी पेटीची साथ करतात आणि हरिपाठ शिकवतात. लंडनच्या वायव्य भागातील एका मंदिराने दोघांना बोलावले, ते तिथल्या मराठी मुलांना अभंग, आरत्या आणि कीर्तनाची पद्धत शिकवण्यासाठी. राहण्यास मंदिराच्या वरच्या मजल्यावर खोली मिळणार होती.

अलकापुरीतील एका कार्यालयात आम्हाला आधी जो सल्ला मिळाला, तो असा की पाहुण्याच्या व्हिसावर जावे आणि पुढचे पुढे पाहावे. हा सल्ला धोक्याचा होता. ब्रिटनचा पाहुण्याचा व्हिसा साधारणपणे एका वेळी सहा महिन्यांच्या मुक्कामाचा असतो. परदेशातील धर्मसेवकाला त्यावर जाऊन प्रवचन करता येते, परंतु एखाद्या मंदिरात नेमणुकीसारखे काम करीत राहता येत नाही. त्यासाठी धर्मसेवकाचा तात्पुरत्या कामाचा वेगळा व्हिसा आहे. तो जास्तीत जास्त २४ महिन्यांचा मिळतो आणि त्यासाठी परवानाधारक संस्थेने प्रायोजकत्वाचे प्रमाणपत्र द्यावे लागते. दांडिया बाजारातील मालकांनी हे पहिल्याच भेटीत न विचारता सांगितले आणि मंदिराच्या निमंत्रणपत्रावर बोट ठेवले. पत्रात सद्भावनेने दादांचा उल्लेख ‘मुख्य पुजारी व मार्गदर्शक’ असा केला होता. ज्याचे काम मुख्यतः धर्मगुरूचे आहे त्याच्यासाठी निराळा मार्ग असून त्यात इंग्रजीची परीक्षाही द्यावी लागते. दादा पूजा सांगणार नव्हते, केवळ कीर्तन व शिकवणी करणार होते. तेव्हा पत्रात जे खरे आहे तेवढेच लिहून आणा, असे मालकांनी बजावले. खोटे काही न सुचवता नेमके लिहावयास लावणारा दलाल मला या शहरात प्रथमच भेटला.

त्यांच्या कामाची खरी कसोटी मात्र वहिनींच्या नावावर लागली. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर त्यांचे माहेरचे नाव, वडिलांचे नाव आणि माहेरचे आडनाव आहे. लग्नात दादांनी ताम्हनातल्या तांदळांवर अंगठीने जे नवे नाव लिहिले, ते पुढे बँकेत आणि पारपत्रावर आले. त्यातच गुजरातच्या रिवाजाप्रमाणे मतदार ओळखपत्र करणाऱ्या कारकुनाने नावाला ‘बेन’ जोडून दिले आणि ते ‘बेन’ आधार कार्डावर नावाचाच भाग होऊन बसले. दादांच्या एका कागदावर ‘भाई’ आहे, तर निवृत्तिवेतनाच्या पुस्तिकेत आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग एका अक्षराने वेगळे आहे. बडोद्यातील बहुतेक मराठी घरांत असा गोंधळ असतो आणि इथल्या इथे त्याने कोणाचे काही अडत नाही. विलायतेच्या अर्जात मात्र ही एकच बाई आहे, हे सिद्ध करावे लागते.

मालकांनी सगळे कागद टेबलावर पसरले, फुलस्केप कागदावर रकाने पाडून प्रत्येक कागदावरचे नाव, जन्मतारीख आणि पत्ता जसाच्या तसा उतरवला व जिथे फरक होता तिथे लाल पेन्सिलीने गोल केले. मग पारपत्र हा पाया धरून आधी आधार, मग पॅन, मग बँक आणि शेवटी निवृत्तिवेतन अशा क्रमाने दुरुस्त्या करून घेतल्या. शाळेचा दाखला बदलता येत नाही, म्हणून दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र केले. क्रम का महत्त्वाचा, हेही त्यांनी वहिनींना समजावून सांगितले. “काकी, आज घाई केली तर उद्या एक कागद दुसऱ्याला खोटा पाडेल,” हे त्यांचे वाक्य मी वहिनींच्या तोंडून नंतर अनेकदा ऐकले.

विवाहाची नोंद हा त्याहून अवघड भाग होता. वहिनी दादांच्या आश्रित म्हणून जाणार असल्याने विवाहाचा पुरावा आवश्यक होता आणि त्यांच्या पिढीतील असंख्य जोडप्यांप्रमाणे यांच्याकडेही तो नव्हता. गुजरातमध्ये विवाहनोंदणीचा कायदा २००६ चा. त्याआधी लग्नपत्रिका आणि सासरची माणसे एवढाच पुरावा पुरत असे. महानगरपालिकेच्या अर्जावर लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही लागते आणि ते गुरुजी केव्हाच निवर्तले. दुसऱ्या एका दलालाने सहीसाठी ‘भटजी उभा करण्याची’ तयारी दाखवली होती. दांडिया बाजारात त्याऐवजी गुरुजी हयात नसल्याचे प्रतिज्ञापत्र, देवघरातील डब्यात जपून ठेवलेली पत्रिका, मंडपातील एक कृष्णधवल छायाचित्र आणि लग्नाला हजर असलेल्या दोन नातेवाइकांच्या साक्षी असा रीतसर मार्ग काढला. वेळ लागला, पण प्रमाणपत्र मिळाले. गुजराती कागदांचे इंग्रजी भाषांतर करून त्यावर भाषांतरकाराचे नाव, सही, तारीख आणि अचूकतेची हमी घालून घेण्याचे कामही त्यांनीच केले.

इथे एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. देवळात सेवा दोघे करणार आहेत, मुलांना हरिपाठ प्रत्यक्षात वहिनीच शिकवणार आहेत. तरीही कागदोपत्री सेवक एकटे दादा आणि वहिनी केवळ त्यांच्यासोबत जाणाऱ्या. यात कार्यालयाचा काही दोष नाही, पण अर्ज भरताना वहिनी बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत, हे मला दिसले.

पैशांच्या बाबतीत कार्यालय प्रामाणिक होते. व्हिसाच्या शुल्काखेरीज ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेचा अधिभार अर्जासोबतच भरावा लागतो. प्रौढ व्यक्तीला तो वर्षाला १,०३५ पौंड आहे, म्हणजे दोघांचे दोन वर्षांचे ४,१४० पौंड एकरकमी. अर्ज नाकारला गेल्यास ही रक्कम परत मिळते. मंदिर दादांचा अधिभार भरणार होते, वहिनींचा नव्हे. ही बाब मालकांनी आरंभीच मंदिराला पत्र लिहून स्पष्ट करून घेतली, त्यामुळे ऐन वेळी धावपळ झाली नाही. खात्यात ठरावीक शिल्लक सलग २८ दिवस दाखवण्याची अटही, मंदिराने पहिल्या महिन्याच्या निर्वाहाची हमी प्रायोजकत्वाच्या प्रमाणपत्रावरच दिल्याने, सुटली.

चूक झाली ती वैद्यकीय चाचणीत. सहा महिन्यांहून अधिक मुक्कामासाठी भारतीय अर्जदाराला मान्यताप्राप्त केंद्रात क्षयरोगाची तपासणी करून घ्यावी लागते आणि तिचे प्रमाणपत्र सहा महिने चालते. ते वाया जाऊ नये म्हणून कार्यालय ही तपासणी सर्वांत शेवटी ठेवते. पंचविशीतील विद्यार्थ्यासाठी हा हिशेब बरोबर असेल. म्हाताऱ्या माणसाच्या छातीवर मात्र जुन्या आजाराचा एखादा डाग असण्याचा संभव बराच असतो. अहमदाबादला काढलेल्या क्ष-किरण छायाचित्रात दादांच्या फुप्फुसावर तसा डाग निघाला. मग थुंकीचे तीन नमुने आणि त्यांच्या संवर्धनाचा, म्हणजे त्यांत जंतू वाढतात का हे पाहण्याचा, अहवाल यांची वाट पाहणे आले आणि या अहवालाला आठ आठवड्यांपर्यंत वेळ लागतो. इकडे प्रायोजकत्वाच्या प्रमाणपत्रावर तीन महिन्यांत अर्ज करणे बंधनकारक. अहवाल निर्दोष आला आणि मुदतही जेमतेम सांभाळली गेली, पण विमानाची तिकिटे बदलावी लागून भुर्दंड बसला. साठीपुढच्या ग्राहकाला कोणत्याही कार्यालयाने प्रायोजकत्वाच्या प्रमाणपत्राची मागणी मंदिराकडे करण्यापूर्वीच छातीचे साधे क्ष-किरण छायाचित्र काढून आणण्यास सांगितले पाहिजे.

आता दुसऱ्या भागाविषयी. पहिल्या भागाचे शुल्क १८,००० रुपये, तर या दुसऱ्याचे ३५,००० रुपये होते. त्याबदल्यात मिळाले काय? विमानतळावरून आणायला एक गाडी, एक सिमकार्ड आणि गुळगुळीत कागदावर छापलेली मार्गदर्शिका. ती उघडच विद्यार्थ्यांसाठी तयार केलेली होती, कारण तिच्यात अर्धवेळ नोकरीचे तास आणि विद्यार्थी-सवलतीची माहिती होती. इंग्लंडमध्ये साठ वर्षांवरील व्यक्तीला डॉक्टरच्या चिठ्ठीवरची औषधे विनामूल्य मिळतात, किंवा घरच्या पत्त्याचा पुरावा नसला तरी जवळच्या डॉक्टरकडे नाव नोंदवता येते, याचा तिच्यात उल्लेखही नव्हता. ज्यांचे रक्तदाबाचे आणि मधुमेहाचे डबे हातसामानात आहेत, त्यांना याहून उपयोगी माहिती कोणती असणार? डिसेंबरात तिकडे दुपारी चारच्या आतच सूर्य मावळतो, तेव्हा सायंकाळची आरती कोणत्या वेळेला धरायची, हा दादांचा प्रश्न तर मार्गदर्शिका लिहिणाऱ्याच्या स्वप्नातही आला नसेल.

सामानाच्या यादीनेही तशीच फजिती केली. तिच्यात ‘घरगुती तूप व मिठाई’ चक्क सुचवलेली होती. वास्तविक भारतातून ब्रिटनमध्ये दूध आणि दुधाचे पदार्थ सोबत नेण्यास मनाई आहे. निघण्याच्या आदल्या दिवशी माझ्या मुलीने नियम वाचून दाखवले, तेव्हा मंदिरातल्या मंडळींसाठी घेतलेले दुलीरामचे पेढे शेजारच्या वाड्यात वाटून टाकावे लागले. भाकरवडी आणि लीलो चिवडो तेवढे सामानात राहिले.

सर्वांत जाचक ठरली ती एक लहानशी गोष्ट. ब्रिटनमध्ये मुक्कामाचा परवाना आता प्लास्टिकच्या कार्डावर मिळत नाही. तो ऑनलाइन खात्यात असतो आणि बँक असो वा घरमालक, प्रत्येक ठिकाणी त्या खात्यातूनच दाखवावा लागतो. कार्यालयाने हे खाते उघडताना सोयीसाठी स्वतःचा ईमेल आणि स्वतःचाच मोबाइल क्रमांक घातला. दादा-वहिनी तिकडे पोचल्यावर खाते उघडायला गेले की परवलीचा आकडा दांडिया बाजारातल्या फोनवर येऊ लागला. हिवाळ्यात दोन्हीकडच्या घड्याळांत साडेपाच तासांचे अंतर असते; लंडनच्या बँकेत दुपारी दोनला आकडा हवा असेल, तर इथे कार्यालय बंद होऊन मालक जेवायला बसलेले असत. ते फोन उचलत, आकडा सांगत, याबद्दल त्यांना दोष देता येणार नाही. तरीही वृद्ध माणसांचा परक्या देशातला सगळा आधार दुसऱ्याच्या फोनमध्ये ठेवणे योग्य नव्हे. संपर्काचा तपशील बदलून घेतल्यावर हा त्रास मिटला.

निवृत्तिवेतनाकडे दोन्ही भागांत कोणी पाहिले नव्हते. केंद्रीय निवृत्तिवेतनधारकाला दर नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो आता आधारशी जोडलेल्या चेहऱ्याच्या ओळखीवरून मोबाइलवरही देता येतो, त्यामुळे दादांनी तो लंडनहूनच दिला. परंतु निघण्यापूर्वी आधारवरील नाव दुरुस्त झाले नसते, तर हे काम तिथून कितपत जमले असते याची मला शंका आहे. बँकेत बचत खात्याचे रूपांतर अनिवासी खात्यात करण्याची सूचनाही आम्हाला बँकेतील एका परिचितानेच दिली. कार्यालयाने निदान या दोन ओळी आपल्या यादीत घालाव्यात.

तिथे माणसे जोडून देण्याचे म्हणाल, तर ते मंदिरातील मंडळींनी आणि १९३२ पासून चालत आलेल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळाने केले. वहिनींना पेटी मिळाली ती मंडळाच्याच ओळखीतून. इथून नेलेल्या चिपळ्या आणि टाळ तेवढे आपले. पस्तीस हजारांच्या पाकिटात या मंडळाचा साधा पत्ताही छापलेला नव्हता.

दुसऱ्या भागाचे निम्मे पैसे परत मिळावेत, असे पत्र मी मालकांना दिले आहे. त्यांनी ती रक्कम दोन वर्षांनंतरच्या परतीच्या कामात वळती करून देण्याची तयारी दाखवली. परतीसाठी दादा-वहिनींना केवळ तिकीट लागणार आहे आणि ते मंदिर काढणार आहे, त्यामुळे मी पैसे रोखच मागितले आहेत. ईमेलच्या बाबतीत मात्र त्यांनी लगेच सुधारणा केली असून नव्या ग्राहकांच्या अर्जावर आता ग्राहकाचा किंवा त्याच्या मुलाचाच क्रमांक घालतात.