तळघराच्या ओलीवर डॉ. फिक्सिट एलडब्ल्यू प्लस: कुठे चालतं, कुठे नाही

हे सिमेंट-वाळूच्या मालात मिसळायचं जलरोधक द्रव. प्रमाण सोपं: सिमेंटच्या ५० किलोच्या गोणीला २०० मिली. मालाच्या पाण्यातच आधी ढवळून घ्या; कालवलेल्या मालावर ओतलं तर सारखं मिसळत नाही. गवंडी हमखास अंदाजाने बुचाबुचाने टाकतात, म्हणून माप हातात ठेवा.

नव्या प्लास्टरला उत्तम. पण मीठ फुललेल्या जुन्या भिंतीवर नुसतं फासायला हे नाहीच. ओलीच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत प्लास्टर फोडा, विटांचे सांधे अर्धा इंच उकरा, तारेच्या ब्रशने मीठ कोरडंच झाडा (धुतलं की ते परत आत मुरतं), मग हे मिसळलेला १:४ चा (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) माल दोन थरांत. ७ दिवस पाणी मारा.

पागोळ्यांचं पाणी पायाशी मुरतंय तोवर मात्र पैसे वाया.