इंद्रधनुषी प्रभावळीतला संत सेबास्टियन: एका पोस्टरचे परीक्षण

इटालियन चित्रकार ग्विदो रेनीने सतराव्या शतकात रंगवलेला आणि आज इटलीतल्या जेनोव्हात असलेला, बाणांनी विद्ध झालेला ख्रिस्ती हुतात्मा संत सेबास्टियन या पोस्टरवर इंद्रधनुषी प्रभावळीसह छापलेला आहे. डोक्यावर बांधलेले हात, वर वळलेली नजर आणि वेदनेचा मागमूस नसलेले तरुण शरीर पाहिले, म्हणजे समलिंगी पुरुषांनी या संताला आपले का मानले, हे वेगळे सांगावे लागत नाही. हे चित्र १८७७ मध्ये पाहिलेल्या आयरिश लेखक ऑस्कर वाइल्डने तुरुंगातून सुटल्यावर 'सेबास्टियन मेलमॉथ' हे नाव धारण केले. पुढे जपानी लेखक युकिओ मिशिमाने याच संताच्या पवित्र्यात छायाचित्र काढून घेतले.

प्रभावळीचे रंग मात्र इतके भडक आहेत की रेनीचा सौम्य प्रकाश त्यांच्यापुढे फिका पडतो, आणि मागचा अंधारा निसर्ग छपाईत निव्वळ काळा झाला आहे. सोबतच्या पत्रकात बाणांनी सेबास्टियनचा मृत्यू झाल्याचे छापले आहे, ही चूक अक्षम्य वाटते. आख्यायिकेनुसार तो त्यातून वाचला, आयरीन नावाच्या विधवेने त्याची शुश्रूषा केली, आणि रोमन सम्राट डायोक्लेशियनला जाब विचारल्यावर त्याला मारहाण करून ठार करण्यात आले. शतकानुशतके प्लेगपासून रक्षणासाठी ज्याचा धावा होत असे, त्याच्याकडे एड्सच्या काळात कलावंत पुन्हा का वळले, याबद्दल तर पत्रकात अवाक्षरही नाही (जागा होती, ती विक्रेत्याच्या जाहिरातीने अडवली आहे).

कागद जाड आणि बिनचकाकीचा असल्याने चौकटीत बसवायला उत्तम आहे. पत्रक टाकून द्यावे.